रक्त, राख आणि पाऊस

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या गावांत जमिनीतून गरम पाणी उमळते. कशेळी-काल्हेरकडच्या आम्हा लोकांना ही कुंडे लहानपणापासून परिचयाची. गुडघे धरले किंवा अंगाला खाज सुटली, की वडीलधारी माणसे वज्राबाईची वाट दाखवत. हे पाणी तापते कशाने, याची तीन उत्तरे या पट्ट्यात मिळतात.

पहिले उत्तर रक्ताचे. वसिष्ठांच्या यज्ञात आहुती न मिळाल्याने इंद्राने वज्र फेकले, देवीने ते गिळले आणि मातलेल्या राक्षसांचाही संहार केला. कुंडांतले पाणी म्हणजे त्या राक्षसांचे रक्त. पाणी लाल नाही, तरी कथा रक्ताचीच आहे. कथाकाराने रंग पाहिला नाही, ऊब पाहिली.

दुसरे उत्तर राखेचे. परशुरामाने वडवलीला यज्ञ केला. आसपासच्या राखेसारख्या टेकड्या त्याचा अवशेष.

परंपरा सांगते की देवीचे मूळ ठाणे उत्तरेला गुंज येथे होते आणि पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर ती वडवलीला आली. पुढे वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस केला, 1739 च्या मे महिन्यात वसई पडली आणि आजचे मंदिर उभे राहिले. देवी जागा बदलून आली. झरे मात्र होते तिथेच होते. त्यामुळे मला वाटते, झऱ्यांभोवती आधीपासून काही कथा असावी आणि देवी आल्यावर ती तिच्या पराक्रमाला जोडली गेली असावी.

तिसरे उत्तर शिकलेल्या माणसाचे: खाली ज्वालामुखी आहे. ते शास्त्रीय वाटते, पण मी त्यालाही दंतकथाच म्हणेन. आपला काळा कातळ लाव्ह्याचा खरा, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. लोणारच्या सरोवरालाही पुराणाने लवणासुराची गुहा म्हटले आणि नंतर अनेक अभ्यासकांनी ज्वालामुखीचे मुख. उल्काघाताचे भक्कम पुरावे 1970 च्या दशकात पुढे आले.

वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीला समांतर अशी उन्हाळ्यांची एक रांगच आहे. पावसाचे पाणी कातळातल्या खोल भेगांतून खाली उतरते. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. कुंडात हात घातला, की हाताला लागतो तो फार पूर्वी पडलेला पाऊस.

हा फरक नुसता पांडित्याचा नाही. ज्वालामुखी मानला तर झरा अक्षय वाटतो. पाऊस मानला, तर तो मुरायला डोंगर आणि वर यायला भेगा शाबूत लागतात. आमच्या कशेळीच्या शेतांवर गोदामे उभी राहिली, तेव्हा पाणी कुठे मुरणार हा प्रश्न कुणी विचारला नाही. तानसेच्या खोऱ्यात तरी खाणी, बोअरवेल आणि काँक्रीट यांना परवानगी देताना तो विचारला जावा.

1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये वज्राबाईच्या झऱ्यांची नोंद आहे. त्या नोंदीशी ताडून पाहण्यासाठी प्रत्येक कुंडाचे तापमान आणि पातळी चैत्रात व आश्विनात वहीत लिहून ठेवावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या शाळेची मुलेही ते करू शकतील.