चिनी मालाची खरेदी : समक्ष कीं अडत्यामार्फत?

गिरगांवांतील जुन्या बिऱ्हाडांस चीन देश कांहीं अपरिचित नाहीं. लोणच्याची चिनी मातीची बरणी, वैद्याच्या पुडींतील चोपचिनी व रेवाचिनी, हीं नांवेंच जुन्या देवघेवीची साक्ष देतात. आज त्याच चाळींच्या जिन्यांवरून चीनहून आलेलीं पुडकीं चढतात, आणि त्यांच्या मागोमाग एक वादही चढतो. वस्तू चिनी दुकानदाराकडून आपण होऊन थेट मागवावी, कीं एखाद्या अडत्यास दलाली देऊन त्याच्याकरवीं आणवावी? तरुण मंडळी म्हणतात, मधला माणूस काढला म्हणजे तितके दाम वांचले; जुने व्यापारी मान हालवितात. हा वाद मोबाईलबरोबर जन्मास आला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मुंबईच्या व्यापाऱ्यांपुढें तो सव्वादोनशें वर्षांपूर्वींच उभा राहिला होता, व त्यांनीं दोन्ही वाटा चालून पाहिल्या होत्या. त्यांच्या अनुभवावरून आमचें जें मत झालें आहे तें आरंभींच सांगतों : अडत्यास जी दलाली मिळते ती माल शोधण्याची मजुरी नसून मुख्यतः जामिनकीचें मोल असतें. मधला माणूस काढून टाकतां येतो. जामिनाची गरज मात्र काढून टाकतां येत नाहीं.

प्रथम चीनकडील जुनी व्यवस्था पाहूं. इ. स. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्य जहाजांनीं व्यापार करावयाचा तो एकट्या कँटन बंदरांत, असा चिनी बादशाहीचा निर्बंध होता. मुंबईहून जाणारीं जहाजेंही ह्याच निर्बंधाखालीं येत. तेथें परकी व्यापाऱ्यास चहा व रेशीम ह्यांची घाऊक खरेदी वाटेल त्याकडून करतां येत नसे. त्यासाठीं सरकारमान्य व्यापाऱ्यांचा एक संघ असे; त्यांस हाँग व्यापारी म्हणत. येणाऱ्या प्रत्येक जहाजास ह्यांपैकीं एकजण जामीन राही. जहाजाची जकात आणि जहाजावरील लोकांची वर्तणूक, ह्या दोहोंचा जाब त्यास द्यावा लागे. बोलण्यास दुभाषी निराळा, आणि वखारीस शिधासामुग्री पुरविण्यास 'कॉम्प्राडोर' निराळा. हा शब्द पोर्तुगीज असून त्याचा मूळ अर्थ 'खरेदी करणारा' इतकाच आहे. व्यापाराचा हंगाम संपला कीं परकी व्यापाऱ्यास कँटन सोडून मकाव येथें जाऊन राहावें लागे.

तथापि थेट खरेदीची वाट सर्वस्वीं बंद नव्हती. परकी वखारींच्या आसपासच्या गल्ल्यांत किरकोळ दुकानदार बसत. पंखे, लाखकामाच्या पेट्या, चिनी मातीचीं भांडीं, चित्रें असल्या वस्तू कप्तान व खलाशी तेथें स्वतः निवडून, घासाघीस करून, रोख दाम देऊन घेत. ह्या दोन खरेदींतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. दुकानांतील माल आपल्या डोळ्यांनीं पारखून घ्यावयाचा. जहाजानें नांगर उचलला कीं व्यवहार संपला. उलटपक्षीं, हाँग व्यापाऱ्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलेल्या चहाच्या पेट्या लंडनांत उघडल्यावर नासक्या निघाल्या, तर त्यांची भरपाई तो पुढील हंगामांत करून देई. अर्ध्या पृथ्वीचा फेरा होऊनही दोषाचा भार विकणाऱ्याकडे परत जात असे. दुकानदाराकडून माल स्वस्त मिळाला असेल. पण ही परतीची वाट त्याच्याकडे नव्हती.

दोन्ही वाटा एकाच पुरुषानें चालून पाहिल्याचें उदाहरण मुंबईंतच आहे. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) ह्यांचा परिचय गिरगांवकरांस करून देण्याची आवश्यकता नाहीं. ठाकुरद्वाराजवळ त्यांनीं गुरांच्या चरणीसाठीं जें कुरण विकत घेतलें त्यावरून चर्नीरोड हें नांव पडलें असें सांगतात. गिरगांवच्या शेजारचा भुलेश्वराचा पांजरपोळ १८३४ सालीं जमशेटजी व मोतीचंद अमीचंद शेट ह्यांच्या पुढाकारानें स्थापन झाला. ज्या संपत्तींतून असलीं कामें झालीं ती मुख्यत्वें चीनच्या व्यापारांत मिळविलेली होती.

जमशेटजी सोळाव्या वर्षाच्या सुमारास, १७९९ सालीं, आपल्या एका आप्ताबरोबर हिशेबनीस म्हणून प्रथम चीनला निघाले, आणि पुढील आठ-नऊ वर्षांत त्यांनीं एकंदर पांच सफरी केल्या. ही समक्ष खरेदी होय. माल आपण पाहावा, माणूस आपण ओळखावा, नफा आपण घ्यावा. परंतु १८०५ सालीं ते ज्या 'ब्रन्सविक' जहाजावर होते तें फ्रेंच आरमारानें सिंहलद्वीपाजवळ धरलें. माल गेला, आणि जमशेटजींस बंदिवानाच्या स्थितींत केप ऑफ गुड होपपर्यंत जावें लागलें. समक्ष व्यवहारांत लाभ जसा सर्व आपला, तसें संकटही सर्व आपलें, हा धडा त्यांस ह्याहून स्पष्ट मिळणें शक्य नव्हतें. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नांवाचा एक तरुण डॉक्टर होता. ही ओळख पुढें उभयतांस फार उपयोगी पडली.

पांचव्या सफरीनंतर जमशेटजी पुन्हां चीनला गेले नाहींत; व्यापार मात्र पूर्वींपेक्षां कितीतरी वाढला. त्यांनीं १८१८ सालीं पेढी काढली. मोतीचंद अमीचंद व कोंकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे हे तींत भागीदार होते. पुढें मूळचे गोमंतकीय रॉजेरिओ द फारिया हेही त्यांस मिळाले. तिकडे जार्डिन वैद्यकी सोडून कँटनांत अडत्याचा धंदा करूं लागला, आणि १८३२ सालीं जार्डिन मॅथेसन कंपनी स्थापन झाली. मुंबईचा कापूस व माळव्याची अफू ह्या कंपनीनें विकावी, कमिशन कापून घ्यावें, आणि उरलेली रक्कम माल, चांदी किंवा हुंड्या ह्यांच्या रूपानें परत पाठवावी, असा क्रम पडला.

ह्यांत जमशेटजींचें अज्ञान नव्हतें, हें लक्षांत ठेवावें. कँटनची गल्ली न् गल्ली ज्यानें पाहिली होती, त्यानेंच समजून उमजून अडत्या नेमला. शिडाच्या जहाजांस मोसमी वाऱ्यांच्या तंत्रानें चालावें लागे. पत्र जाऊन उत्तर येण्यांत कित्येक महिने लोटत. अशा स्थितींत भाव चढतांच विकणारा व उतरतांच घेणारा माणूस जागेवर हजर असणें, हेंच मोठें भांडवल होय. कित्येक पारशी पेढ्यांनीं तिसरी तोड काढली : आपल्याच घरचा मुलगा किंवा पुतण्या कँटनांत ठेवावयाचा. परक्या अडत्यावरचा विश्वास आणि स्वतः जाण्याचा त्रास, ह्या दोहोंमधली ही वाट. मकाव येथें १८२९ सालापासूनची पारशी दफनभूमि आहे. घरापासून दूर राहून घरचा व्यवहार पाहणाऱ्या ह्या लोकांचें तें स्मारकच म्हटलें पाहिजे.

अडत्याच्या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माळव्याची अफू चीनच्या किनाऱ्यावर सरकारी बंदी मोडून विकली जात होती. ती विकणारा हात अडत्याचा असल्यामुळें मुंबईच्या धन्यास तो प्रकार डोळ्यांनीं पाहावा लागत नसे. हिशेबाच्या कागदावर फक्त आंकडा येई. दलाली देऊन मनुष्य जामीन विकत घेतो, त्याबरोबर थोडासा आंधळेपणाही विकत घेतो.

ह्या व्यवस्थेची कसोटी १८३९ सालीं लागली. बादशाहाचा आयुक्त लिन झेशू ह्यानें कँटनांतील परकी व्यापाऱ्यांस त्यांच्या वखारींतच कोंडलें व सर्व अफू स्वाधीन करण्याची आज्ञा केली. वीस हजारांहून अधिक पेट्या देण्यांत आल्या. त्या ज्यांच्या हातांनीं दिल्या गेल्या ते बहुतेक अडते. मालक दूर, पुष्कळसे मुंबईंत. मालकांच्या पदरीं पडलें तें इंग्रज सरकारचा अधिकारी कप्तान इलियट ह्याचें वचन. नानकिंगच्या तहानें १८४२ सालीं अफूपोटीं साठ लक्ष डॉलर ठरले. मालकांपर्यंत त्याचा वांटा पोंचला तो उशिरां, आणि मूळ किमतीहून कमी. अडत्यानें आपलें शरीर कोंडून घेतलें, पण माल धन्याचा गेला. जामिनकीस मर्यादा असते, हें येथें दिसून आलें.

त्याच तहानें हाँग व्यापाऱ्यांचा मक्ता मोडला, पांच बंदरें खुलीं झालीं, आणि वाटेल त्याच्याशीं थेट व्यापार करण्याची मोकळीक परकीयांस मिळाली. आतां मधला माणूस गेला, असें वाटण्यासारखाच हा प्रसंग होता. परंतु तहांतील दुसरें एक कलम पाहावें. दिवाळखोर हाँगांकडील परकीयांच्या येण्यापोटीं चिनी सरकारास तीस लक्ष डॉलर भरावे लागले. म्हणजे जामीन मोडला तेव्हां त्याच्यामागचा जामीन शोधावा लागला. आणि पुढें काय झालें? परकी पेढ्यांस ना भाषा येत होती, ना अंतर्भागांतील व्यापाऱ्यांची पत ठाऊक होती. सबब, पूर्वीं शिधा पुरविणारा तो कॉम्प्राडोरच आतां पेढीचा मुख्य मध्यस्थ झाला. चिनी गिऱ्हाइकांची व नोकरांची हमी तोच देऊं लागला. हाँग गेला, कॉम्प्राडोर आला. नांव बदललें, खुर्ची रिकामी राहिली नाहीं.

हा इतिहास डोळ्यांपुढें ठेवून आजच्या गिरगांवांतील वादाकडे वळूं. अलीबाबा कंपनीच्या ताओबाओ ह्या ऑनलाइन बाजारांत अनोळखी विकणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीना, म्हणून २००४ सालीं अलिपे ही व्यवस्था निघाली. गिऱ्हाइकाचे पैसे मध्यें धरून ठेवावयाचे, माल पोंचल्याचें कळलें कीं विकणाऱ्यास द्यावयाचे. हा हाँग व्यापाऱ्याचाच वंशज नव्हे काय? तरुण ज्यास थेट खरेदी म्हणतात, तींतही मध्यस्थ आहेच. तो दिसत नाहीं इतकेंच. आणि तो जाईल तेव्हां काय होतें तेंही आपण पाहिलें. पुष्कळशीं लहान पुडकीं 'भेट' म्हणून जकातीवांचून येत; डिसेंबर २०१९ मध्यें भारत सरकारनें ती सवलत बंद केली, राख्या व जीवरक्षक औषधें एवढीं वगळलीं. पुढें जून २०२० मध्यें शीइन व क्लब फॅक्टरी, आणि नोव्हेंबर २०२० मध्यें अलीएक्सप्रेस ह्यांवर बंदी आली. दुकानाचें दारच बंद झाल्यावर वाटेंतील मालाची दाद गिऱ्हाइकानें कोणाकडे मागावी?

अडत्याकडून आणविलेल्या मालाचें तसें नाहीं. त्याची पेढी लोहार चाळींत किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर असते. आयातीचा परवाना त्याच्या नांवें असतो. जकात तो भरतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा आवश्यक झाली. ती नसल्यास जाब त्यास द्यावा लागतो. गिरगांवचा दुकानदार पायीं चालत जाऊन त्याचें दार ठोठावूं शकतो. मात्र अडत्या निवडतांना सावध असावें. डिसेंबर २०११ मध्यें चीनमधील यिवू येथें एका पेढीचा मालक देणें बुडवून पळाला, तेव्हां त्याच्या दोघां भारतीय नोकरांस तेथील धनकोंनीं अडकवून ठेविलें. भारतीय वकिलातीस मध्यें पडावें लागलें, व यिवूंत व्यापार करूं नये अशी सूचना भारतीय व्यापाऱ्यांस देण्यांत आली. कँटनच्या वखारी आणि यिवूचा तो प्रकार ह्यांत पावणेदोनशें वर्षांचें अंतर आहे; धनी दूर, जामीन कोंडलेला, हा देखावा एकच.

तेव्हां आमचा निर्णय असा : जी वस्तू गेली तर हळहळ वाटेल पण घर बुडणार नाहीं, ती खुशाल समक्ष घ्यावी, खलाशी पंखा घेत होते तशी. ज्या मालावर दुकान चालावयाचें तो अडत्यामार्फत घ्यावा, आणि दलाली विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, माल बुडाला तर तुम्ही कोठें सांपडाल?

आतां आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट. खलाशानें कँटनच्या गल्लींत रोख देऊन घेतलेला पंखा एखाद्या संग्रहांत सांपडेल. त्याच्या खरेदीचा कागद सहसा सांपडावयाचा नाहीं. अडत्याच्या व्यवहारास मात्र कागदावांचून गति नसते. जमशेटजींच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत, आणि जार्डिन मॅथेसन कंपनीचें दप्तर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत. धनी व अडत्या अशा दोन्ही टोकांचें लेखन राहिल्यामुळेंच आज ह्या व्यापाराविषयीं आधारानें बोलतां येतें. विश्वास जेथें लिहून द्यावा लागतो, तेथेंच इतिहासाचें साधन जन्मास येतें.

आज गिरगांवांतील जुन्या चाळी एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्यांच्या तळमजल्यांवरील दुकानांतून आयात मालाचीं बिलें, जकातीचे कागद, अडत्यांचे भावपत्रक व हिशेब रद्दींत जात असतील. त्यांवर मोडी अक्षर नाहीं म्हणून ते टाकाऊ समजूं नयेत. थेट खरेदीची नोंद तर मोबाईलबरोबरच नाहींशी होते. मंडळाच्या सभासदांनीं व संग्राहकांनीं आपल्या ओळखीच्या दुकानदारांकडे शब्द टाकून असे कागद, आंकडे व तारखांसह, जपून ठेवण्याची व्यवस्था करावी, अशी आमची विनंति आहे. पुढील शतकांतील संशोधकास आपल्या काळाविषयीं जामीन राहणारे तेच असतील.