क्वागाचं कातडं: पेंढा भरलेला प्राणी किती वर्षं टिकतो?

आजच्या भागाची सुरुवात एका वाघाच्या ओठापासून करतो.

मागच्या उन्हाळ्यात भाचीला घेऊन एका जुन्या संस्थानी वाड्यातलं संग्रहालय बघायला गेलो होतो. तलवारी, पालख्या, तैलचित्रं झाली आणि शेवटच्या दालनात पेंढा भरलेले प्राणी. दोन वाघ शेजारी शेजारी उभे. एकाचे ओठ मागे ओढले जाऊन फाटलेले, कानांच्या कडा तडकलेल्या, पोटाखालची शिवण उसवलेली. दुसरा मात्र तुकतुकीत. भाचीने विचारलं, "मामा, हा नंतर मेला का?" पाटी वाचली तर दोघांची शिकार एकाच दशकातली. दालन तेच, दमट हवा तीच. मग फरक कशाने पडला?

मला तिला उत्तर देता आलं नाही. ते कातडं कसं कमावलं होतं, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. शिकार करणाऱ्या राजाचं नाव होतं, वाघाची लांबी होती. कातड्यावर काम करणाऱ्याचा आणि त्याच्या पद्धतीचा पत्ताच नाही. घरी आल्यावर शोधायला बसलो, आणि शोधता शोधता वाघावरून थेट दक्षिण आफ्रिकेतल्या एका नामशेष प्राण्यापर्यंत पोचलो. पण आधी थोडं कातड्याबद्दल.

मराठीत आपण कातडं 'कमावतो'. मला हा शब्द फार आवडतो. कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. ओलं राहिलं की सडतं, वाळलं की आकसून लाकडासारखं ताठ होतं. कमावणं म्हणजे त्या धाग्यांच्या मधे असं काहीतरी नेऊन बसवायचं, की ते पुन्हा सडणार नाहीत आणि एकमेकांना चिकटून कडकही होणार नाहीत. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यातलं टॅनिन धाग्यांना धरून बसतं. ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाच्या हातात होती. त्यांच्या वाट्याला विद्येचा मान आला नाही, विटाळ मात्र आला. असो, तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे आणि तो मी करणार आहे.

दुसरी पद्धत तुरटी आणि मिठाची. कातडं पांढरं, मऊ होतं, केस छान धरून ठेवतं, म्हणून केसाळ प्राण्यांसाठी ती फार चालली. पण तुरटी धाग्यांना पक्की चिकटत नाही. कातडं भिजलं तर ती धुऊन निघते आणि पुन्हा कच्च्या कातड्यासारखा कडकपणा येतो. उरलेलं मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं. आपल्या हवेत हे किती महागात पडत असेल, विचार करा! तिसरी पद्धत क्रोमची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. क्रोमचं कातडं उकळत्या पाण्यातही टिकतं, कच्चं कातडं मात्र साठ-पासष्ट अंशांनाच आकसायला लागतं. पण क्रोमने कातड्याला निळसर हिरवी झाक येते.

म्हणजे पद्धतीने फरक पडतो, हे नक्की. याचा पुरावा आपल्याच माळरानावर सापडतो. पिवळ्या फुलांचं तरवड बघितलंय ना? त्याच्या सालीने कमावलेली मेंढी-बकरीची कातडी भारतातून इंग्लंडला जायची. त्या सालीला व्यापारी 'टरवर' म्हणायचे. स्वस्त म्हणून ही कातडी पुस्तकांच्या बांधणीला वापरली गेली आणि ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठींचा लाल भुगा व्हायला लागला. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने यावर समिती नेमली. तिच्या १९०५ च्या अहवालात भारतातून येणारी अशी कातडी बांधणीसाठी अगदी वाईट ठरवली होती. कारण असं, की कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातलं गंधक हवेतून कातड्यात शिरतं आणि तिथे त्याचं आम्ल होतं. तरवडाच्या सालीतलं टॅनिन त्या आम्लापुढे लवकर हरतं, हिरड्याच्या जातीचं जास्त तग धरतं. दोन्ही झाडपाल्याचेच, दोन्ही 'नैसर्गिक', आणि आयुष्यात एवढा फरक! त्यामुळे नुसतं 'नैसर्गिक पद्धतीने कमावलेलं' असं कोणी सांगितलं, तर कशाने कमावलंय ते विचारा.

आता प्राण्यांकडे परत येऊ. गंमत अशी, की संग्रहालयांतले कितीतरी जुने प्राणी कमावलेलेच नाहीत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्स गावच्या बेकर नावाच्या औषधविक्याने आर्सेनिक, कापूर, साबण वगैरे मिसळून एक लेप बनवला. कृती त्याने हयातभर गुपित ठेवली. १७७७ मध्ये तो वारल्यानंतर काही वर्षांनी ती छापली गेली आणि मग हा आर्सेनिकचा साबण सगळीकडे पसरला. हा लेप कातडं कमावत नाही, फक्त ते विषारी करतो, म्हणजे किडे खात नाहीत. कारण कातडं कितीही छान कमवा, केस आणि पिसं खाणाऱ्या किड्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. आत लावलेलं ते विष अजून तसंच आहे, म्हणून संग्रहालयातले लोक जुन्या प्राण्यांना हातमोजे घालूनच हात लावतात.

शिवाय कधी कधी नुसतं नशीबही टिकवतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये एक करडा पोपट आहे. त्याची मालकीण, रिचमंडची डचेस, १७०२ मध्ये वारली आणि तिच्यामागोमाग तोही गेला. क्ष-किरणांत दिसलं, की कवटीसकट त्याचा सगळा सांगाडा आतच आहे. म्हणजे काम अगदी प्राथमिक, तरी तीनशेहून जास्त वर्षं झाली, पोपट आहे. पण लहान पक्ष्याचं पातळ कातडं वाळवलं तर निभतं. मोठ्या जनावराचं जाड कातडं न कमावता साच्यावर चढवलं, तर वाळताना ते आकसतं, साचा मात्र आकसत नाही. मग ताण येतो तो शिवणीवर, ओठांवर, कानांवर. तो पहिला वाघ आठवतोय ना?

इथपर्यंत मी भाचीसाठी एक सरळ उत्तर तयार केलं होतं: नीट कमावलेलं टिकतं, कच्चं फाटतं. आणि मग मला क्वागा भेटला.

क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्रा, पण पट्टे फक्त डोक्या-मानेकडे आणि पुढच्या अंगावर, मागचं अंग तपकिरी. त्याच्या ओरडण्यावरूनच त्याचं नाव पडलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी चराईच्या जमिनीसाठी आणि कातड्यांसाठी त्याची बेसुमार शिकार केली. जगातला शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ ला ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तो शेवटचा होता हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. आज जगभर मिळून दोन डझनाच्या आतबाहेर कातडी उरली आहेत.

त्यातलं एक, क्वागाच्या पिल्लाचं, केपटाऊनच्या संग्रहालयात होतं. तिथे १९५९ मध्ये राइनहोल्ड राउ नावाचा जर्मन टॅक्सिडर्मिस्ट नोकरीला लागला. पिल्लाचं काम इतकं वाईट झालं होतं की त्याला बघवेना. १९६९ मध्ये त्याने ते उघडून नव्याने बसवायला घेतलं. आत बघतो तर काय, कातड्याला मांसाचे आणि रक्तवाहिन्यांचे वाळलेले तुकडे तसेच चिकटलेले! जुन्या कारागिराने आतून नीट खरवडलंच नव्हतं. आपल्या धंद्यात याला कामचुकारपणा म्हणतात. दुसरा कोणी असता तर त्याने ते तुकडे केराच्या टोपलीत टाकले असते. राउने ते जपून ठेवले. पुढे जर्मनीतल्या माइन्सच्या संग्रहालयातले क्वागाही त्याने नव्याने बसवले, तिथेही असेच तुकडे निघाले.

हे तुकडे पोचले अमेरिकेत, बर्कलीच्या प्रयोगशाळेत. तिथे रसेल हिगुची, ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माइन्सच्या क्वागाच्या वाळलेल्या स्नायूतून डीएनए काढला आणि १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. अक्षरं होती फक्त २२९. पण नामशेष झालेल्या प्राण्याचा डीएनए वाचण्याची ही जगातली पहिली वेळ.

आता त्या जुन्या कारागिराने काम चोख केलं असतं तर काय झालं असतं बघा. आधी खरवडणं, मग आम्लाचं पाणी, मग टॅनिन किंवा तुरटी. खरवडण्यात मांस गेलं असतं. आम्लात डीएनएचे धागे तुटतात, म्हणून कमावलेल्या कातड्यातून आजही सहसा बारीक तुकडेच हाती लागतात. क्वागा दिसायला देखणा राहिला असता, पण बहुधा मुका.

म्हणून आता मला 'टिकणं' हा शब्द वापरताना अडखळायला होतं. राजाला दिवाणखान्यात रुबाब टिकायला हवा होता. त्यासाठी कमावणंच बरोबर. शास्त्रज्ञाला आतला मजकूर हवा असतो, आणि तो कच्च्या, नुसत्या वाळलेल्या कातड्यात जास्त सापडतो. स्टॉकहोमच्या संग्रहालयात असंच सुकलेलं टास्मानियन वाघाचं शरीर होतं. सुमारे १३० वर्षं जुन्या त्या कातड्या-स्नायूतून २०२३ मध्ये चक्क आरएनए मिळाला, जो डीएनएपेक्षाही नाजूक असतो. दोन्ही हवं असेल तर आज करण्यासारखी गोष्ट साधी आहे: कातडं कमावण्याआधी मांसाचा तुकडा काढून गोठवून ठेवायचा. आणि काय वापरून कमावलं ते लिहून ठेवायचं.

पुढचंही सांगतो. २००५ च्या अभ्यासात दिसलं, की क्वागा ही वेगळी जात नव्हतीच, मैदानी झेब्र्याचीच उपजात होती. राउचं हेच म्हणणं होतं. त्याने १९८७ मध्ये नऊ झेब्रे निवडून कमी पट्ट्यांची पैदास सुरू करवली. तो २००६ मध्ये गेला, पण काम चालू राहिलं आणि आज तिथे मागचं अंग जवळजवळ बिनपट्ट्यांचं असलेले झेब्रे चरतात. ते खरे क्वागा नव्हेत असं कित्येक शास्त्रज्ञ म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. दिसणं परत आणता येतं, बाकीचं कुठून आणणार?

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, मग त्या फाटक्या वाघाला कुणी टाकून तर देणार नाही ना?"

मी संग्रहालयाला पत्र लिहिलंय. उत्तर आलं की पुढच्या भागात सांगतो.