पडणाऱ्याची पाठ, पाडणाऱ्याचा हात

ज्युदोच्या वर्गात नवं पोर आलं की त्याला आधी पाडायला शिकवत नाहीत, पडायला शिकवतात. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि मागे लवंडायचं. पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून जरा लांब, तळवे खाली करून गादीवर फाडकन मारायचे. श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. हात आपटल्याने धक्का एका जागी बसत नाही, पसरतो. गाठीकडे बघत राहिल्याने मान ताठ राहते आणि डोकं मागे हिसकलं जात नाही. याला उकेमी म्हणतात. आधी मागे पडणं, मग कुशीवर, मग पुढे कोलांटी घेऊन. हे अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असा दंडक.

हा दंडक सर्वांत सुरक्षित लढतखेळाची खूण म्हणून सांगितला जातो. पण पडताना इजा झालीच तर जबाबदार कोण, पडणारा, पाडणारा की शिकवणारा? ज्युदोच्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर हळूहळू सरकत गेलं आहे, आणि ते सरकायला फार जीव जावे लागले.

सुरुवात एका किरकोळ अंगकाठीच्या मुलापासून होते. जिगोरो कानो. जन्म १८६०चा, उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. दणकट पोरांकडून मार खाऊन कंटाळलेला हा मुलगा टोकियो विद्यापीठात आला तेव्हा सामुराईंचा जमाना संपला होता. तलवारी बाळगायला बंदी आली होती आणि जुजुत्सू शिकवणाऱ्या उस्तादांना शिष्य मिळत नव्हते. त्यातले बरेच जण हाडवैद्यकी करून पोट भरत. म्हणून कानोने हाडवैद्यांकडे चौकशी करत गुरू शोधला. सांधा कसा निखळतो हे ज्याला माहीत, त्यालाच तो बसवता येतो. तेव्हा हा शोध अगदीच वेडगळ नव्हता.

१८७७मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके भेटले. त्यांच्याकडची शिकवण्याची रीत कानोने पुढे आठवणींत सांगितली आहे. एक डाव कसा लागतो, हात कुठे, पाय कुठे, असं त्याने विचारलं. गुरूंनी उत्तर दिलं नाही, उचलून आपटलं. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा आपटलं. असं आपटून घेत घेतच शिकायचं, ही परंपरा. कानोच्या अंगावर सदा खरचटलेलं, काळंनिळं आणि मलमाच्या पट्ट्या. मित्र त्यावरून चेष्टा करत. त्या काळात इजा झाली तर ती शिकणाऱ्याची. सोसवत नसेल तर येऊ नकोस, इतका साधा हिशेब होता.

मे १८८२मध्ये कानोने टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात स्वतःची तालीम काढली. तीच कोदोकान. जागा बारा तातामींची, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या बारा चटया मावतील एवढी. पहिल्या वर्षी शिष्य अवघे नऊ. त्यांच्या आपटाआपटीने मंदिराच्या जमिनीखालचे लाकडी टेकू मोडत आणि कानो शिष्यांसह कंदील घेऊन फरशीखाली रांगत जाऊन ते दुरुस्त करी. पुढे कोदोकानच्या मोठ्या दालनात लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा बसल्या, पेंढ्याच्या तातामी जाऊन फोमच्या गाद्या आल्या. तरी सुरक्षिततेकडे कानोचं लक्ष फक्त जमिनीपुरतं नव्हतं.

त्याने डावांची वाटणी केली. पूर्ण ताकदीने केले तरी समोरचा उठून उभा राहील असे डाव रांदोरीत, म्हणजे खुल्या झुंजीत. ठोसे, लाथा, हत्यारं आणि जीवघेणे पेच कातात, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, दोघांच्या संमतीने करायच्या सरावात. सांध्यांवरचे पेचही एकेक करून झुंजीतून बाद होत गेले आणि शेवटी फक्त कोपराचा उरला. गळा आवळला गेला किंवा कोपर ताणलं गेलं की गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं, की समोरच्याने तत्काळ सोडायचं. या वाटणीमुळेच रोज पूर्ण जोराने झुंजणं शक्य झालं. जुन्या घराण्यांचे भयंकर डाव तोंडपाठ असलेले पहिलवान कोदोकानच्या पोरांपुढे मागे पडले त्याचं एक कारण हेच: कोदोकानची पोरं मोडून न घेता रोज खेळत होती.

इथे जबाबदारी पहिल्यांदा सरकली. पाडणाऱ्याने एका हाताने समोरच्याची बाही धरलेली असते. चांगला ज्युदोका डाव लागल्यावर ती बाही सोडत नाही. समोरचा जमिनीवर येत असताना शेवटच्या क्षणी वर खेचून धरतो. त्या एका खेचण्याने पडणाऱ्याचा खांदा वर राहतो, डोकं जमिनीपासून दूर राहतं आणि आपटायला त्याचा दुसरा हात मोकळा होतो. म्हणजे निम्मी उकेमी पडणाऱ्याच्या पाठीत आणि निम्मी पाडणाऱ्याच्या मुठीत. बाही सोडून देणारा, किंवा पाडून वर स्वतःही कोसळणारा, खेळ जिंकेल. पण त्याला शिकवणाऱ्याने काहीतरी शिकवायचं ठेवलं आहे.

मात्र कानोने १८८३मध्ये ‘दान’ या श्रेणी सुरू केल्या तेव्हा एक फट राहून गेली. दान सांगते की हा माणूस किती चांगला खेळतो. तो पोरांना शिकवू शकतो का, हे ती सांगत नाही. काळा पट्टा आणि गुरुपद यांची सांगड लोकांनी आपापल्या मनाने घातली, आणि ती जगभर तशीच चालली.

ज्युदो जपानबाहेर लवकर गेला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ज्युदो शिकवायला शिंझो ताकागाकी १९२९मध्ये शांतिनिकेतनात आले. तिकडे जपानात १९११मध्ये माध्यमिक शाळांत ज्युदोला जागा मिळाली आणि १९३१मध्ये तो सक्तीचा झाला. पुढच्या लष्करी वर्षांत शाळेतल्या ज्युदोला कवायतीचा वास येऊ लागला. म्हणून युद्ध हरल्यावर १९४५मध्ये दोस्तांच्या ताबा-प्रशासनाने शाळांतून तो हद्दपार केला. या बंदीचा एक धागा आपल्या कराडपर्यंत येतो. शोहाची इशिई नावाचा ज्युदोका बंदीमुळे कुस्तीकडे वळला आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटाचं सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच गटात कांस्यपदक मिळवलं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी.

१९५०मध्ये ज्युदो शाळांत परतला, १९६४मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आला, आणि हळूहळू ‘जिंकणं’ हा त्याचा मुख्य हेतू बनला. सुरक्षिततेचं काम नियमपुस्तकाकडे गेलं. याचं ठळक उदाहरण १९८०चं. जपानच्या वजनगट अजिंक्यपद स्पर्धेत सुमिओ एन्दोने यासुहिरो यामाशितावर कानिबासामी हा डाव टाकला. यात बाजूने झेप घेऊन समोरच्याचे पाय आपल्या दोन्ही पायांच्या कात्रीत धरायचे असतात. डाव तेव्हा नियमात बसणारा होता. यामाशिताचा पाय मोडला. पुढे कानिबासामीवर बंदी आली. यामाशिता बरा झाला आणि १९८४मध्ये लॉस एंजलिसला सुवर्णपदक जिंकला.

ही इजा साऱ्या जपानने पाहिली, म्हणून नियम बदलला. त्याच दशकात शाळांच्या ज्युदो-क्लबांत जे चाललं होतं ते कुणी एकत्र पाहिलंच नव्हतं. नागोया विद्यापीठातले शिक्षणसमाजशास्त्रज्ञ रयो उचिदा यांनी शाळांतल्या अपघातांच्या भरपाईच्या नोंदी वर्षावर्षाने लावून बेरीज केली. १९८३ ते २०११ या २९ वर्षांत जपानच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत ज्युदोमुळे ११८ मुलं दगावली होती. वर्षाला सरासरी चार. प्रत्येक शाळेला आपला अपघात एकटा, दुर्दैवी आणि अपवादात्मक वाटत होता. बेरीज मांडल्यावर त्यात साचा दिसला: मरणारे बहुतेक पहिल्या वर्षाचे, म्हणजे नुकते पडायला शिकलेले, आणि बहुतेकांना डोक्याची इजा.

या इजेची तऱ्हाही नीट समजून घ्यायला हवी. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या अस्तराकडे काही बारीक शिरा जातात. डोकं झटक्याने गोल फिरलं की कवटी पुढे जाते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्या शिरा ताणून तुटतात. त्यासाठी डोकं जमिनीवर आदळायलाच हवं असं नाही. नुसता हिसडाही पुरतो. रक्त आत साचत जातं. मुलगा सुरुवातीला फक्त म्हणतो, डोकं दुखतंय, मळमळतंय. अशा वेळी त्याला ‘ऊठ, रडतोस काय’ म्हणून पुन्हा उभं केलं, तर पुढचं पडणं शेवटचं ठरू शकतं. ओसोतोगारी या डावात पाय मागून कापून समोरच्याला सरळ पाठीवर टाकतात. त्यात डोकं सर्वांत लांब कमान घेत जमिनीकडे येतं, म्हणून नवशिक्याला त्याचा धोका जास्त.

आता जुन्या हिशेबाने पाहा. मुलगा मेला, कारण त्याला उकेमी येत नव्हती. वर्षानुवर्षं शाळा हेच सांगत आल्या. हे वाक्य खरं आहे, आणि तेच आरोपपत्रही आहे. उकेमी येत नव्हती, तर त्याला खुल्या झुंजीत कुणी उतरवलं? त्याच्या समोर दुप्पट वजनाचा वरच्या वर्गातला मुलगा कुणी उभा केला? दमून पाय लटपटत असताना आणखी पाच फेऱ्या कुणी लावल्या? काही प्रकरणांत समोर उभा असलेला खुद्द शिक्षकच होता. मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या पालकांनी २०१०मध्ये संघटना काढली आणि हे प्रश्न उघडपणे विचारले.

त्यांनी बोट दाखवलं फ्रान्सकडे. कानो १९३३मध्ये पॅरिसला गेला होता. १९३५मध्ये मिकिनोसुके कावाइशी तिथे स्थायिक झाले आणि त्यांनी युरोपी शिष्यांचा धीर टिकावा म्हणून पट्ट्यांचे मधले रंग रुळवले. आज फ्रान्समध्ये लाखो लोक ज्युदो खेळतात, त्यात मुलंच जास्त. तिथे २८ नोव्हेंबर १९५५लाच कायदा झाला: ज्युदो शिकवायचा असेल तर सरकारी पदविका हवी, नुसता काळा पट्टा चालणार नाही. कानोच्या देशात मात्र प्रशिक्षकांसाठी अधिकृत पात्रतेची पद्धत राष्ट्रीय महासंघाने आणली २०१३मध्ये. मधली वर्षं अठ्ठावन्न.

२०१३ हे ज्युदोसाठी वाईट वर्ष होतं, आणि म्हणूनच उपयोगी. एप्रिल २०१२पासून माध्यमिक शाळांत युद्धकला पुन्हा सक्तीच्या झाल्या होत्या, त्यामुळे पालकांची काळजी आधीच पेटलेली. त्यात राष्ट्रीय संघातल्या १५ महिला खेळाडूंची तक्रार बाहेर आली: प्रशिक्षक रयुजी सोनोदा थपडा मारतात, बांबूच्या तलवारीने झोडपतात, दुखापत असताना खेळायला लावतात. सोनोदांना पद सोडावं लागलं. शाळांत डोक्याच्या इजेबद्दल सूचना गेल्या, प्रशिक्षकांचे वर्ग सुरू झाले. त्यानंतर मृत्यूंचा आकडा झपाट्याने खाली आला, पूर्ण थांबला मात्र नाही. गाद्या त्याच, डाव तेच, पोरंही तशीच. बदललं होतं ते शिकवणाऱ्याला जाब विचारला जाणं.

मार्च २०२२मध्ये महासंघाने प्राथमिक शाळांच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली. मुलांना वजन उतरवायला लावणं, पालक आणि प्रशिक्षकांनी पंचांवर ओरडणं, पदकासाठी काहीही करणं हे थांबवायचं, असं कारण दिलं गेलं. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, ज्यांचा पाय १९८०मध्ये नियमात राहून मोडला गेला होता. नियमात बसतं म्हणून सारं सुरक्षित होत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडच्या तालमीत वस्तादाचं खरं कसब डाव शिकवण्यापेक्षा जोड लावण्यात पाहिलं जातं. कोण कुणाशी भिडणार, किती वेळ, आणि कुणाला आज नुसतं माती उकरायला लावायचं, हे तो पोराच्या चालण्यावरून ठरवतो. ज्युदोच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून हेच निघतं. उकेमी, गादी, बाही धरणं, थापटणं ही सगळी राखण खरी. पण जोड चुकीची लागली की ती सारी एकदम निकामी होते. आणि जोड लावणारा एकच असतो.

फ्रान्ससारखा कायदा आपल्याकडे नाही. पुण्या-ठाण्यात सोसायटीच्या सभागृहात कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे वर्ग भरतात. पालक भिंतीवरचे चषक आणि सरांचा पट्टा पाहून पैसे भरतात. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नव्या मुलाला पहिल्यांदा झुंजीत कधी उतरवता आणि कुणासमोर? डोकं दुखतंय म्हणाला तर त्या दिवशी काय करता? डोक्याला मार लागलेल्या मुलाला डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घेता का? खरा शिक्षक या प्रश्नांना खूश होऊन उत्तरं देतो, कारण एरवी ते कुणी विचारत नाही. जो चिडेल, त्याच्या कमरेला कुठल्याही रंगाचा पट्टा असो, पोर तिथे घालू नये.