मत्स्योदरी, नवकांकरी आणि दगडावरचे शब्दकोडे

१/ आडवा शब्द, चार अक्षरे : 'जालना जिल्ह्यातील माशाच्या आकाराची टेकडी.' अंबडचा माणूस क्षणात सांगेल, मत्स्योदरी. टेकडीच्या आकारावरूनच तेथील देवीचे हे नाव पडले. (पहिले आधुनिक शब्दकोडेही आकाराने वेगळेच होते. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलेल्या आर्थर विन यांच्या कोड्याचा साचा चक्क शंकरपाळीसारखा!)

२/ उभा शब्द, पाच अक्षरे : 'एकात एक तीन चौकोन.' उत्तर नवकांकरी. बाजूंचे मध्य जोडले की २४ स्थाने होतात. प्रत्येकाचे नऊ खडे. तीन एका रेषेत आले की प्रतिस्पर्ध्याचा एक खडा उचलायचा. सामग्री नावातच सांगितली आहे : नव कांकऱ्या, म्हणजे नऊ खडे. फुली-गोळ्याचेही तसेच. मात्र काळ कोणत्याच नावात नसतो, आणि इतिहासाचे खरे कोडे तेथून सुरू होते.

३/ महाराष्ट्रातील लेणी, मंदिरे आणि किल्ल्यांच्या फरशांवर असे पट कोरलेले आढळतात. 'मंदिर बाराव्या शतकातले, म्हणून खेळही बाराव्या शतकातला' असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. दगड जुना असला तरी त्यावरची रेघ कालची असू शकते.

४/ याचे प्रसिद्ध उदाहरण इजिप्तमधील कुर्णा येथील मंदिराचे. छताच्या दगडांवरील पटांच्या आधारे एच. पार्कर यांनी १९०९ साली 'एन्शंट सिलोन' या ग्रंथात हा खेळ इ. स. पू. १४०० च्या सुमारास नेऊन ठेवला. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की त्याच दगडांवरील आकृत्यांत कॉप्टिक ख्रिस्ती क्रूसही आहेत. म्हणजे कोरणारे हात मंदिरानंतर कित्येक शतकांचे असू शकतात! तरीही ती जुनी तारीख आजही बेधडक पुढे पाठवली जाते.

५/ मग पुरावा कशात शोधायचा? पट आडव्या दगडावर असेल तर तेथे बसून खेळता येते. उभ्या भिंतीवर असेल, तर तो दगड दुसरीकडून आणून बसवला असावा, किंवा ती आकृती खेळाची नसावीच. रेघा चिऱ्याच्या कडेला मध्येच तुटत असतील, तर कोरीव काम चिरा कापण्याआधीचे.

६/ अंबडला गेलात तर अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेली पुष्करणी अवश्य पाहा, आणि तिच्या पायऱ्यांकडेही नजर टाका. कोठेही पट दिसला तर केवळ चौकोनांचे छायाचित्र घेऊ नका. चिऱ्याच्या चारही कडा आणि शेजारचे दगड त्यात येऊ द्या. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका. जीर्णोद्धारात तो चिरा हलला किंवा सिमेंटखाली गेला, की त्या कोड्याचे उरतील तेवढे तुमचे छायाचित्र.