मोडी कागदपत्रांचे छायांकन आणि जुन्या मॅन्युअल लेन्स : खानदेशच्या संदर्भात

प्रस्तावना
इतिहासलेखन अस्सल साधनांवर उभे असते. परंतु साधने नाशवंत असतात. म्हणून त्यांची विश्वसनीय प्रत तयार करणे हे संशोधकाचे आद्य कर्तव्य ठरते. जुन्या मॅन्युअल लेन्स डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यास जोडून हे कार्य अल्प खर्चात कसे साधता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपीठिका
जळगाव जिल्ह्यातील भुसावळ येथे मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे (मृत्यू १८७९). १८४४ पासून त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती तयार केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मात्र त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच फर्ग्युसनच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली होती, ती टिकली. एकुलती एक प्रत म्हणजे संरक्षण नव्हे, हा यातील बोध होय.

धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन झाले व १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांनी जमविलेली कागदपत्रे हा तेथील अमोल ठेवा होय. मोडी लिपी बोरूने, हात न उचलता, जलद लिहिली जाई. तिच्यातील एखादे वळण अस्पष्ट उमटले, तरी वाचन बदलते.

लेन्सचा इतिहास
जपानी विद्वानांपुढेही अशीच अडचण होती. दाट रेघांची कांजी अक्षरे मायक्रोफिल्मवर सुवाच्य उतरत नसत. या गरजेतून निकॉनची ५ सेंमी मायक्रो-निक्कॉर लेन्स १९५६ मध्ये निर्माण झाली. १९६१ मध्ये एसएलआरसाठी तिची ५५ मिमी आवृत्ती आली. १९५९ चे निकॉन एफ माउंट पुढे डिजिटल एसएलआरमध्येही कायम राहिले. कॅनन ईएफ कॅमेऱ्यात सेन्सर व माउंट यांतील अंतर ४४ मिमी, तर निकॉनमध्ये ४६.५ मिमी आहे. या २.५ मिमी फरकात साधे ॲडॉप्टर बसते. त्यात जादा काच लागत नाही.

उपयोग व मर्यादा
कागद स्थिर असल्याने ऑटोफोकसची गरज भासत नाही. कॅमेरा स्टँडवर कागदास समांतर बसवून, लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा मोठी करून हाताने फोकस साधावा. अनेक कॅमेऱ्यांत अशा लेन्सने प्रकाशमापन होत नाही. तेथे चाचणी छायाचित्र घेऊन हिस्टोग्राम पाहावा. बहुधा ॲपर्चरची नोंदही आपोआप होत नाही. म्हणून रुमाल क्रमांक, पृष्ठ, तारीख व ॲपर्चर वहीत लिहावे. १९७७ पूर्वीच्या लेन्सची कडी न बदलता ती अनेक निकॉन कॅमेऱ्यांवर बळेच बसविल्यास कॅमेऱ्यास इजा होते.

निष्कर्ष
महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना महागडे स्कॅनर परवडत नाहीत. तथापि एक जुनी लेन्स, स्टँड व काटेकोर नोंदवही यांवर कार्यारंभ करता येतो. तयार झालेल्या प्रती किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात. गिलच्या प्रतिकृती जळाल्या, त्या काढण्यात कसूर झाली म्हणून नव्हे. त्यांना दुसरी प्रत नव्हती.