किडक्या दातातली लवंग

देवळाली कॅम्पात आमचे घर बाजाराजवळ होते. अब्बा शिवणकाम करायचे. घरात औषधाची वेगळी पेटी नव्हती. मसाल्याचा डबा हीच पेटी. दाढ दुखू लागली की अम्मी त्यातली लवंग काढून दाढेखाली धरायला सांगायची.

एकदा तिचीच दाढ ठणकू लागली. दाढेत खोल खड्डा पडला होता. तिने लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा त्यात बसवला. चार दिवस ठणका राहिला आणि मग एकाएकी थांबला. "गेलं बघ दुखणं," म्हणत तिने बाटली फडताळात ठेवून दिली. दोन महिन्यांनी गाल सुजला. नाशिकला दंतवैद्यांकडे नेले. ते म्हणाले, "मावशी, दुखणं थांबलं तेव्हा दाढ बरी झाली नव्हती. आतली नस मेली होती." दाढ काढावी लागली.

मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. दातांच्या शास्त्राशी माझा काही संबंध नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला. आमची लवंग खोटी होती का? उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात किडलेल्या दातावर उपाय दिले आहेत. हा ग्रंथ डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित करून १८८० साली मुंबईत छापला. दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरून डाग द्यावा, असा त्यातला एक उपाय. सातवीण आणि रुई यांच्या चिकाने पोकळी भरावी, हा दुसरा. रुईचा चीक जहाल असतो, तेव्हा हा प्रयोग घरी कुणी करू नये. तिकडे इराणात, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी, हकीम अर-राझी मस्तकी आणि तुरटी एकत्र करून दाताची पोकळी भरायला सांगत होते. मस्तकी म्हणजे एका झाडाचा डिंक. अत्ताराच्या दुकानात तो 'रुमी मस्तकी' या नावाने आजही मिळतो.

या दोघांच्या मध्ये मुलुख वेगळा, भाषा वेगळी. पण एक गोष्ट दोघांनाही उमगली होती. किडक्या दाताला औषध नुसते लावून भागत नाही. पोकळी भरावी लागते.

कीड कशामुळे लागते, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. दातात खरोखरच किडा असतो, अशी जगभर समजूत होती. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ साली ती नाकारली. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर यांनी १८९० साली मांडले, की तोंडातले जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजवते. किडा गेला, पण 'कीड' हा शब्द आपल्याकडे राहिला.

खोल खड्ड्याची अडचण अशी, की त्याच्या तळापासून दाताची जिवंत नस अगदी जवळ असते. तिला शांत करायचे आणि वरून जंतूंची वाटही बंद करायची, अशी दोन कामे एकदम करावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दंतवैद्यांनी लवंगेच्या तेलात झिंक ऑक्साईडची पांढरी भुकटी कालवली आणि त्याचे सिमेंट तयार झाले. तेलातले मुख्य द्रव्य म्हणजे युजेनॉल. ते या सिमेंटातून थोडे थोडे झिरपते, नस निवते आणि जंतूही मरतात. हेच द्रव्य उघड्या नसेवर थेट पडले तर अपाय करते. अम्मीच्या बोळ्यात आणि दवाखान्यातल्या सिमेंटात लवंग एकच होती. फरक मात्रेचा होता, आणि दार बंद करण्याचा होता.

पण सिमेंट झाले तरी ते भरणारा माणूस हवा. आमच्या कॅम्पात इंग्रजांच्या काळी मायदेशी जाणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत राहायचे. त्या बलाढ्य साम्राज्याच्या फौजेलाही दातांसाठी स्वतंत्र दल मिळायला १९२१ साल उजाडले. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. दंतवैद्यांचा कायदा आला १९४८ साली. तोवर, आणि त्यानंतरही, बहुतेक घरांत दंतवैद्य म्हणजे मसाल्याचा डबाच होता.

लवंगेच्या सिमेंटालाही मर्यादा आहेत. ते चावण्याच्या जोरापुढे फार टिकत नाही. शिवाय आजकाल दाताच्या रंगाचे जे रेझिन भरतात, ते युजेनॉलच्या सान्निध्यात नीट घट्ट होत नाही. म्हणून दुसरी सिमेंटे आली. १९७० च्या सुमारास इंग्लंडात विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट तयार केले. ते दाताला स्वतःहून चिकटते आणि फ्लोराईड सोडते. आता त्यातच कडुनिंब, मिस्वाक यांचे अर्क मिसळून पाहण्याचे प्रयोग आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतूनही झाले आहेत. भरलेल्या दाताखाली पुन्हा कीड धरू नये, हा हेतू. अर्काने जंतू कमी होतात, असे प्रयोगशाळेत दिसते. पण अर्क जास्त झाला तर सिमेंट कमकुवत होण्याचे भय असते. म्हणून हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. वनस्पती आहे म्हणून तिला परीक्षेतून सूट नाही, आणि ते योग्यच आहे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. लवंग खोटी नव्हती. तिच्याकडे आम्ही जे मागितले, तेवढे तिने दिले. आम्ही फक्त शांतता मागितली होती.

आमच्या घरी लवंग आजही आहे. नातवंडांपैकी कुणाची दाढ दुखली, तर रात्र काढायला ती पुरते. सकाळी मात्र आम्ही दंतवैद्यांकडे जातो. ठणका थांबला असेल तर अधिकच घाईने.