रास्पबेरी पाय सारखा बंद पडतोय? लिनक्स पुन्हा टाकण्याआधी या गोष्टी तपासा

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची लाइट एकदमच गेली. कळवा-पडघा वीजवाहिन्यांमधल्या बिघाडामुळे लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑफिसं अंधारात गेली. वीज परत आल्यावर पंखे आणि फ्रिज जसेच्या तसे सुरू झाले. कॉम्प्युटरचं मात्र तसं नसतं. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली, तर ती फाइल अर्धवट राहते. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या कॉम्प्युटरला तोही नसतो.

इतका मोठा ब्लॅकआउट क्वचित होतो. पण पावसाळ्यात दोन मिनिटांसाठी लाइट जाणं नवी मुंबईत कुणाला नवं नाही. त्यानंतर शाळेच्या लॅबमधला, दुकानातल्या डिस्प्लेमागचा किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्यांना जोडलेला पाय सुरू झाला नाही, की ‘लिनक्स बिघडलं’ असं म्हणून सगळं पुसून पुन्हा टाकलं जातं. त्यात साठवलेला डेटा जातो आणि मूळ कारण तसंच राहतं. मग काही आठवड्यांत तोच बिघाड पुन्हा समोर येतो.

अशा वेळी नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं, ते समजून घेऊ.

रास्पबेरी पाय म्हणजे काय?

प्रोसेसर, रॅम, यूएसबी आणि स्क्रीनची जोडणी असं सगळं एकाच सर्किट बोर्डवर असलेला हा छोटा कॉम्प्युटर. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून ब्रिटनमध्ये तो तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आला. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ आणि २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ आला. त्यावर डेबियन लिनक्सवर आधारलेली ‘रास्पबेरी पाय ओएस’ चालते. २०२० पर्यंत तिचं नाव ‘रास्पबियन’ होतं.

डेस्कटॉपपेक्षा यात दोन मोठे फरक आहेत. एक म्हणजे वीज मोबाइलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरमधून येते. दुसरं म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बहुतेक वेळा मायक्रोएसडी कार्ड असतं. बहुतेक बिघाडांचं मूळ या दोन गोष्टींत सापडतं.

पहिला संशय विजेवर का घ्यायचा?

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपियर देणारा अडॅप्टर लागतो. पाय ५ साठी ५.१ व्होल्ट आणि ५ अँपियरचा अडॅप्टर सुचवला जातो. घरात पडलेल्या मोबाइलच्या चार्जरवर पाय सुरू होतो, पण ‘सुरू होणं’ आणि ‘नीट चालणं’ यात फरक आहे.

चार्जरइतकीच केबलही महत्त्वाची आहे. समजा, केबलचा एकूण रोध पाव ओहम आहे आणि तिच्यातून २ अँपियर वीज वाहतेय. मग अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि ५.१ पैकी ४.६ व्होल्टच बोर्डापर्यंत पोहोचतात. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं, की पाय धोक्याची नोंद करतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह किंवा कमी व्होल्टेजचा इशारा दिसतो. याच वेळी यूएसबी डिस्क निसटते, वायफाय तुटतं किंवा कार्डवरचं लिखाण बिघडतं. वरवर पाहता हे सगळे दोष लिनक्सचे वाटतात.

याची खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनकमांड’ ही आज्ञा ‘गेट थ्रॉटल्ड’ या पर्यायासह द्यायची. उत्तरात ‘एक्स’ या अक्षरानंतर येणारा आकडा असा वाचायचा:

- ० : मशिन सुरू झाल्यापासून वीज आणि तापमान दोन्ही ठीक.
- ५०००० : आत्ता ठीक आहे, पण मधल्या काळात व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कमी झाला होता.
- ५०००५ : व्होल्टेज आत्ताही कमी आहे आणि वेगही कमी केलेला आहे.

आकडा शून्य नसेल तर आधी अडॅप्टर आणि केबल बदलून पाहायची. बाकीची तपासणी त्यानंतर.

लाइट गेल्यावरही पाय चालू राहावा म्हणून अनेक जण राउटरचा छोटा यूपीएस वापरायचं ठरवतात. त्यातले बरेच यूपीएस १२ व्होल्टचे असतात. पायला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे १२ व्होल्ट थेट दिले तर बोर्ड जळू शकतो. पॉवर बँक वापरायची असेल, तर लाइट गेल्याच्या क्षणी तिचा पुरवठा किंचितही तुटत नाही ना, हे आधी तपासायला हवं.

दुसरा संशय मेमरी कार्डवर

लाइट गेल्यावर कार्ड खराब का होतं? लिनक्सची ‘एक्स्ट फोर’ फाइल सिस्टिम बदलांची आगाऊ नोंद ठेवते, त्यामुळे तिची रचना बऱ्याचदा वाचते. पण कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा कंट्रोलर असतो आणि तो डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत असतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर वापरात नसलेल्या जुन्या फाइललाही धक्का बसू शकतो.

कार्ड बिघडू लागल्याची लक्षणं अशी: ‘फक्त वाचता येईल’ असा संदेश येऊन फाइल सेव्ह न होणं, प्रोग्रॅम अचानक बंद पडणं आणि ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये कार्डाबद्दल वारंवार त्रुटी येणं.

असं झालं तर आधी डेटा वाचवायचा, दुरुस्ती नंतर. कार्ड विंडोजच्या लॅपटॉपमध्ये घातलं, की ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न येतो. इथे ‘हो’ म्हणायचं नाही. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. कार्ड रिकामं झालेलं नसतं. लिनक्स असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधी संपूर्ण कार्डाची प्रत काढायची आणि मगच ‘एफएसचेक’ने दुरुस्ती करायची. दुरुस्तीच्या वेळी ते कार्ड वापरात असता कामा नये.

नवं कार्ड घेताना ते बनावट नाही ना, तेही पाहायला हवं. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात कमी जागा असू शकते. ‘एफथ्री’ नावाचं मोफत साधन कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतं. या चाचणीसाठी कार्ड रिकामं असावं.

पाय सुरूच होत नसेल तर?

बोर्डावरचे दोन दिवे पाहायचे. लाल दिवा विजेचा. हिरवा दिवा कार्ड वाचलं जात असताना लुकलुकतो. पाय ४ वर हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल, तर तो एक संकेत असतो. चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडलेली नाही. सात वेळा लुकलुकला तर लिनक्सचं कर्नल सापडलेलं नाही. दोन्ही वेळा संशय कार्डावर किंवा त्यावरच्या फाइल्सवर घ्यायचा. बोर्ड लगेच बाद ठरवायची गरज नाही.

दिवा नेहमीसारखा लुकलुकतोय पण स्क्रीन काळी आहे, असंही होतं. पाय ४ वर स्क्रीनसाठी दोन जागा असतात. विजेच्या जोडणीजवळची पहिली जागा वापरून पाहायची आणि पायला वीज देण्याआधीच स्क्रीन सुरू ठेवायची.

उष्णता आणि खाडीची दमट हवा

प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसजवळ पोहोचला, की पाय स्वतःचा वेग कमी करतो. ८५ अंशांवर तो आणखी मंदावतो. मे महिन्यात बंद दुकानात, टीव्हीच्या मागे, प्लास्टिकच्या डबीत ठेवलेल्या बोर्डाला तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. ‘दुपारी हळू, रात्री व्यवस्थित’ अशी तक्रार असेल तर आधी तापमान मोजायचं. ‘व्हीसीजेनकमांड’च्याच ‘मेझर टेम्प’ या पर्यायाने ते कळतं. उपायही साधे आहेत: अॅल्युमिनियमचा हीटसिंक, छोटा पंखा आणि हवा खेळती राहील अशी जागा.

वाशी, नेरूळ, बेलापूर या खाडीलगतच्या भागांत दमटपणाही असतो. ओल आणि क्षार यांमुळे धातूच्या पिनांवर थर चढतो आणि जोडणी कधी लागते, कधी तुटते. एसीच्या थंड खोलीतून बोर्ड पावसाळी हवेत आणला, तर त्यावर बाष्प जमू शकतं. अशा वेळी लगेच वीज न जोडता तो थोडा वेळ तसाच ठेवणं सुरक्षित. पिना पाण्याने पुसायच्या नाहीत. वीज काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायच्या.

घड्याळ चुकलं की इंटरनेटही अडतं

पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की वेळ तिथेच थांबते आणि इंटरनेट मिळाल्यावर दुरुस्त होते. इंटरनेट मिळालं नाही तर पाय जुन्याच तारखेत जगत राहतो. त्याचे परिणाम विचित्र असतात. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात, अपडेट नाकारले जातात, कॅमेऱ्याच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. जुन्या मॉडेलला घड्याळाचं छोटं मॉड्यूल जोडता येतं.

वायफाय सापडत नसेल तर?

नव्याने लिनक्स टाकल्यावर वायफायसाठी देश निवडावा लागतो. तो ‘भारत’ असा निवडला नसेल, तर वायफाय बंदच राहू शकतं. टॉवरमधल्या प्रत्येक घरात राउटर असल्याने २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी असते. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरावं. यूएसबी ३ ची डिस्क बोर्डाला अगदी चिकटून असेल, तरी २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा येतो. थोडी लांब केबल लावून डिस्क बाजूला ठेवली तर फरक पडतो.

आता लिनक्सकडे वळू

वीज, कार्ड, तापमान, घड्याळ आणि नेटवर्क ठीक असेल, तर मग सॉफ्टवेअरचा नंबर. इथे तीन गोष्टी पाहायच्या:

1. जागा उरली आहे का? ‘डीएफ’ ही आज्ञा कार्ड किती भरलं आहे ते सांगते. कार्ड शंभर टक्के भरलं असेल, तर डेस्कटॉपही उघडत नाही.
2. कोणती सेवा बंद पडली? ‘सिस्टिमसीटीएल’ अयशस्वी सेवांची यादी देतं.
3. नोंदी काय म्हणतात? ‘जर्नलसीटीएल’मध्ये सगळा तपशील असतो. काही वेळा या नोंदी फक्त रॅममध्ये ठेवलेल्या असतात आणि रीस्टार्ट केल्यावर पुसल्या जातात. त्यामुळे मशिन बंद करण्याआधी त्या वाचायच्या.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फॉन्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित देवनागरी’ किंवा गुगलचा ‘नोटो’ टाकला की प्रश्न सुटतो. टायपिंगसाठी कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडता येतो.

पुन्हा बिघाड होऊ नये म्हणून काय बदलायचं?

- कार्डवरचं लिखाण थांबवा. दुकानातला डिस्प्ले फक्त दाखवण्याचं काम करतो. अशा ठिकाणी ‘रास्पी-कॉन्फिग’मधली ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ सुरू करता येते. सगळे बदल रॅममध्ये होतात आणि कार्ड सुरक्षित राहतं. पण रीस्टार्ट केल्यावर ते बदलही जातात. त्यामुळे डेटा साठवणाऱ्या मशिनसाठी हा उपाय नाही.
- सतत लिहायचं असेल तर एसएसडी वापरा. पाय ४ आणि ५ यूएसबीवरूनही सुरू होतात.
- ओव्हरक्लॉकिंग शेवटी. वेग वाढवला की वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात. मूळ दुखणं तिथेच असेल तर ते आणखी बळावतं.
- पासवर्ड बदला. एप्रिल २०२२ पूर्वीच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आधीच ठरलेला असे. शाळेत किंवा सोसायटीत असं जुनं मशिन इंटरनेटला जोडलेलं असेल, तर ते कुणालाही उघडता येईल.
- एका वेळी एकच बदल करा. तो तारखेसह वहीत लिहा. सेटिंगची फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवा.

लिनक्सच्या आज्ञांची सवय नसलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे मोफत धडे मराठीतही आहेत.

थोडक्यात

तपासण्याचा क्रम असा: वीज, कार्ड, तापमान, घड्याळ, नेटवर्क आणि मग लिनक्स. पुन्हा इन्स्टॉल करणं हा शेवटचा उपाय आहे आणि त्याआधी कार्डाची प्रत काढलेली असली पाहिजे. बोर्ड बदलता येतो, लिनक्सही मोफत मिळतं. पण शाळेतल्या मुलांनी वर्षभर केलेलं काम किंवा कॅमेऱ्यातलं एकमेव फुटेज एकदा पुसलं गेलं, की ते परत मिळेलच असं नाही.